अळणी

धानाच्या मिलचा धर्मकाटा रात्री माझ्या हवाली असतो.
ट्रक नसले की काचेवर नुसती हिरवी शून्यं,
आणि कॅबिनमध्ये आम्ही चौघं.
चौथा मी, गाव रचणारा.

सुगत खोब्रागडे आंधळा बासरीवाला होतो,
निलोफर चोर,
आणि ड्रॉइंगचे ढोमणे सर, रिटायर व्हायला दोन वर्षं,
दर खेपेला हट्टानं वैद्य.
"मले मारामारी जमत नाही बाप्पा."
फासा वीस पैलूंचा, नागपूरहून मागवलेला,
एका कोपऱ्यात झिजलाय, म्हणून सातावर जास्त पडतो.
त्याबद्दल कोणी बोलत नाही.

या खेपेचं गाव मी तलावाच्या पाळीखाली ठेवलं.
पाळीवर सिंदीची झाडं.
वेशीत कोणी अडवत नाही.
हेच पहिलं वाईट लक्षण, सर म्हणाले आणि वहीत लिहिलं.
घरं सारवलेली. कुत्री भुंकत नाहीत.
प्रत्येक उंबऱ्यावर पालथा तांब्या.
काहीही विचारा, उत्तर एकच:
"आमच्याकडे सगळं बरं आहे."
म्हातारा म्हणतो. पाणी भरणारी म्हणते.
सुगतनं विहिरीत वाकून हाक मारली
तर विहीरही म्हणाली, जरा उशिरानं.

खानावळीत वरणभात आला. अळणी.
निलोफरनं मीठ मागितलं.
मी आवाज उतरवला:
वाढणाऱ्याचा हात थांबतो.
पंगतीतले सगळे घास तोंडाशी थांबतात.
मागच्या भिंतीवर कोणीतरी कोळशाची रेघ ओढतं.
तुझ्या नावाची.

"कोनं ओढली बे?"
फासा टाक.
तीन.
दिसलं नाही.

मग अमावस्या.
अख्खं गाव पाण्याकडे तोंड करून उभं,
आणि राखणदार पोत्यामागून पोतं मीठ तलावात सोडतोय.
घराघरातून काढून आणलेलं मीठ.
तलावातल्याला तहान लागली पाहिजे, म्हणून.

सरांनी भुलीचं औषध घोटलं. सुगतची बासरी तयार.
मीही आकडे जुळवून बसलो होतो,
राखणदाराचं बळ, पळायची वाट,
साधारण कोण वाचेल.
निलोफर लढलीच नाही.
गर्दीच्या मागे उभ्या एका पोराजवळ बसली
आणि विचारलं, तुझं नाव काय?

माझ्या वहीत ते पोरगं नव्हतं.
गर्दी म्हटलं की पोरं असणारच, एवढंच.
नाव कुठून असणार?
तोंडातून निघालं, "वेदू."

बाहेर काट्यावर काही नव्हतं,
तरी काचेवर वीस किलो आले
आणि गेले.
वारा सुटला की होतं असं.

सरांनी पेन्सिल ठेवली.
"वेदू तं तुझ्या ताईचा ना रे?"

ताई नदीपलीकडे. दोन वर्षं झाली, मंडळात जाते.
आधी गुरुवारी, मग रोज,
मग भाऊजींनी दुकान मंडळाच्या नावे केलं.
पोळ्याला गेलो तेव्हा पंगतीत मीठच नव्हतं.
मी मागितलं. भाऊजी हसले.
कोपऱ्यातल्या एकानं वही उघडली.
वेदू माझ्याकडे बघत होता, घास न चावता,
आणि मी, मामा,
पुरणपोळी छान झाली म्हणून उठलो.
आता फोन केला की ताई म्हणते,

मी पुढचं बोललो नाही.
तिघांनाही वाक्य पाठ होतं.

निलोफरनं फासा टाकला, पण लगेच वर हात झाकला.
"किती पाहिजे?"
गाव मी रचलेलं. आकडा मला ठाऊक असायला हवा.
नव्हता.

तिकडची पहिली बस पहाटे साडेपाचला.
सुगतचा मामा तिच्यावर कंडक्टर आहे,
तो म्हणाला, चार सिटा धरायला सांगतो.
सरांनी डब्यातलं मीठ वहीच्या कागदात बांधलं,
वैद्य बांधतो तसं, घडीवर घडी घालून,
आणि पुडीवर काहीतरी लिहायला गेले, पण लिहिलं नाही.

निलोफरचा हात अजून फाशावरच होता.