रवण

म्हाताऱ्या नोल्बेर्तोने कोंबड्या विकल्या
आणि उरलेली बारा अंडी माझ्या दारात ठेवली
लोकरीच्या टोपीत.
निळी. आमच्या चिलोएच्या कोंबड्या अशीच घालतात,
शिंपला आतून दिसतो तशी.
‘खुडूक एकही उरली नाही,’ म्हणाला, ‘आता तूच बस.’
आणि दुपारच्या बोटीने मुलीकडे निघून गेला.

मी कशी बसणार? माझी रात्रपाळी.
कारखान्यात सामन माशाचे काटे उपटते मी चिमट्याने,
मिनिटाला एक मासा,
पाचच्या सुमाराला बोटं कुणाची तेच कळत नाही.
खोकं तिथूनच आणलं, थर्मोकोलचं,
झाकणावर अजून ओसाकाचा पत्ता.
आत पंचवीसचा बल्ब, पाण्याची बशी,
आणि इस्माएलचा तापाचा थर्मामीटर.
साडेसदतीस लागतं.
म्हणजे ताप म्हणायच्या
जरासं अलीकडे.

पेन्सिलीने एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोळा.
सकाळी कामावरून आले की मी फुली वर करायची,
शाळेतून आला की त्याने गोळा,
रात्री निघताना पुन्हा फुली.
बाप पुंता अरेनासला गेल्यापासून
हो आणि नाही, एवढ्यावर भागवतो इस्माएल.
पण आता फ्रिजवर चिठ्ठ्या दिसू लागल्या:
‘सात नंबर कलंडलं होतं. नीट केलं.’
‘बशीत पाणी घातलं. तू जेव.’

आठव्या दिवशी न्हाणीघरात अंधार करून टॉर्च लावला.
निळं कवच उजेडाला सहजी आत घेत नाही,
हिरवट काहीतरी दिसतं, खोल पाण्यासारखं,
आणि त्यात, डोळा स्थिरावला तर, एक ठिपका,
दचकणारा.
नऊ अंड्यांत होता.
तीन नुसतीच उजळली. ती बाजूला काढली.
‘यांच्यात कधीच नव्हतं, की होतं आणि गेलं?’
त्याने विचारलं. पूर्ण वाक्य.
मला उत्तर माहीत नव्हतं,
मी टॉर्च बंद केला.

सोळाव्या रात्री वारा सुटला, बेटाची वीज गेली.
कारखान्यात जनरेटर असतो,
मासे थंड राहिले पाहिजेत ना.
मी त्या लख्ख पांढऱ्या उजेडात काटे उपटत राहिले
आणि घरी बल्ब विझलेला, हे मला ठाऊक होतं,
ठाऊक असूनही मिनिटाला एक मासा.
फोन लागेना.

सकाळी रस्त्यावर आडवी झाडं.
चालत आले. खोकं उघडं, रिकामं.
स्वयंपाकघरात चुलीत निखारे,
आणि चुलीला पाठ लावून इस्माएल,
माझा जाड स्वेटर घातलेला, पोट फुगलेलं,
दोन्ही हातांनी खालून आधार दिलेला.
रात्रभर झोपला नव्हता. झोपलो तर कूस वळेल, म्हणाला.
स्वेटरच्या आत नऊ अंडी, फुल्या सगळ्या आतल्या अंगाला,
आणि थर्मामीटर काखेत,
लहानपणी असायचा तिथेच.
सदतीसला थोडा कमी.
‘पुरेल?’ म्हणाला.

एकविसाव्या दिवशी काही झालं नाही.
बाविसाव्याला चार, दुपारी अजून एक,
ओली, रागावलेली, स्वतःच्याच पायांवर पडणारी.
तीन गप्प राहिली, अगदी गप्प.
आणि आठ नंबरने भोक पाडलं, चोच दाखवली,
मग पाच तास काही नाही.
मदत करू नये म्हणतात. नोल्बेर्तोही म्हणायचा.
मी कामाचा चिमटा उकळून घेतला.
एक कपचा काढला, दुसरा,
पापुद्र्यात रक्ताची रेघ दिसली
तशी थांबले. हात बाजूला घेतला.
इतक्या वर्षांत या हाताने
अर्ध्यावर काही सोडलं नव्हतं.
पाळीची वेळ झाली होती. गेले.

सकाळी फ्रिजवर चिठ्ठी:
‘आठ नंबर तीन वाजता आला.
उजवा पाय वाकडा आहे.
नाव ठेवलंय. सांगणार नाही.’