निळं कॅरेट

कपाटावरचं ते काढू नका.
संत्र्याचं साधं कॅरेट आहे, निळं, एका कोपऱ्याला तडकलेलं.
आत अजून थोडी तणस असेल.

त्या वर्षी चार दिवसांच्या रजेवर आले होते मी,
नागपूरहून, एस.टी.नं, वरूडपर्यंत उभी.
पिशवी हातातून घ्यायच्या आधीच आई म्हणाली,
सलोमीले ताप आहे, तू हो मरीया.
बत्तीस वर्षांची मरीया!
पण निळ्या लुगड्याला माझीच उंची बसत होती,
आणि पोटाला बांधायची उशी आमच्याच घरची.

योसेफ ठरलेला. नेहेम्या.
मंडीत काटा धरणारा, सगळ्या गावाचा नेमा,
सलग सहावं वर्ष, कारण दाढी खरी होती.
वाक्य एकच: "जागा आहे का जी?"
तेही दरवर्षी विसरायचा.
शाळेत असताना दर सोमवारी
माझ्या बाकावर एक संत्रं असायचं.
कोण ठेवतं ते मी कधी विचारलं नाही;
विचारलं असतं तर बंद झालं असतं.

गाढवाच्या जागी त्याचा टेम्पो,
हे पाळकसाहेबांचं नवं डोकं.
देवळाच्या अलीकडच्या वळणावर लाइन गेली
आणि हेडलाइटात एक माणूस, दोन्ही हात वर करून.

सुखलाल. मेळघाटातला, तोडीला आलेला.
मागे बांधावर फुलकाय,
मातीत गुडघे, दातांत पदर.
उपकेंद्राला कुलूप.
गाडी निघाली म्हणतात फोनवर, पाऊण तास.
बागवाल्याच्या बंगल्यात सोयरे उतरलेले,
वरूनच आवाज आला,
"पुढं पाहा बापा, येथं पाय ठेवाले जागा नाई."
नेमानं माझ्याकडे पाहिलं.
नाटकातल्या सरायवाल्याचं वाक्य
कुणीतरी पाठ न करता म्हटलं होतं.

पॅकिंगच्या शेडला दारच नव्हतं.
आत तणशीचा ढीग, आणि संत्र्याचा वास
इतका, की डोळे चुरचुरावेत.
मी लुगड्यात हात घालून उशी सोडली
आणि तिच्या मानेखाली दिली.
आता मी नुसती नर्स होते. बरं वाटलं.

"टॉर्च धर."
तो भिंतीकडे तोंड करून उभा,
उजेड मात्र बरोब्बर जागेवर.
"कायले थरथरतं?"
"मी नाई, टॉर्च थरथरते."
त्या कळेतही फुलकाय हसली,
कोरकूत काहीतरी बोलली.
सुखलालनं ते आम्हाला आजवर सांगितलेलं नाही.

अकरा वाजून वीस मिनिटं.
मुलगी.
(पाळकसाहेबांना हे नंतर जरा जड गेलं.)
योसेफाच्या मुंडाशात गुंडाळून
नेमाच्या हातांत दिली,
त्यानं तिला सवयीनं तोललं.
"अडीचले थोडी वर," म्हणाला,
आणि मग रडला, दाढीसकट.

आम्हाला शोधत नाटक आलं.
घोंगड्या पांघरलेली पोरं, त्यांच्यामागे खरंच एक कुत्रं,
सोनेरी कागदाचे मुकुट घातलेले तिघं.
एकाकडे चहाचा थर्मास होता.
दुसऱ्यानं मंकी कॅप काढून दिली, मुकुट तसाच ठेवून.
तिसऱ्यानं नुसतंच पाहिलं, पुष्कळ वेळ.
बांबूवरचा तारा घेऊन इलियास मात्र
वळणावर जाऊन थांबला होता,
अ‍ॅम्ब्युलन्स चुकू नये म्हणून.

सव्वीस तारखेला स्टँडवर
नागपूरची गाडी रिकामी लागली होती.
नेमा खिडकीपाशी आला,
मला वाटलं संत्री देईल.
"जागा आहे का जी?"
मागे चाळीस सीटं मोकळी.
मी सरकले.

पोरगी आता चौथीत आहे.
तोडीला आईबापांबरोबर येते, आमच्याकडे राहते,
आल्या आल्या स्टुलावर चढून ते खाली काढते
आणि आत बसून पाहते.
कोपरा तिनंच तडकवलाय.