तीट

नोव्हेंबरात, मोरजीच्या तेंबावर,
शापोरा जिथं आपला गाळ समुद्राला देऊन मोकळी होते,
तिथल्या वाळूच्या जिभेवर ते उभे असतात.
दोनशे, कधी तीनशे. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडं.
वारा फिरला की रांग फिरते;
एखादा आळशी मागे राहतो, पिसं विस्कटून घेतो.

पुस्तकात नाव आहे : तपकिरी डोक्याचा कुरव.
रापणीवरच्या फटूकाकांना वाचून दाखवलं, तर म्हणाले,
"पुस्तकवाल्यानं हे सवणं पाहिलेलंच नाय."

खरंच. डोकं पांढरं,
फक्त कानामागे काळा ठिपका.
न्हाऊ घातलेल्या बाळाला कुणी तीट लावावी
तेवढाच, जरा पुसटलेला.
चोच तांबडी, टोकाला शाई.
पाय भिरंडांच्या रसातून चालत आल्यासारखे.
उडाला की पंखांची टोकं काळी,
आणि त्या काळ्यात एकेक पांढरी खिडकी.

देखणा आहे, पण लाज नाही.
सुरय बिचारा सूर मारून पेडवा काढतो;
हा त्याच्या मागे लागतो, तो टाकेपर्यंत,
आणि पाण्याला लागायच्या आत झेलतो.
रापण काठाला आली की डोक्यावर सगळा बाजार.
काकांची सून शालन टोपली झाकते, शिव्या घालते,
मग फाटकी तारली स्वतःच वर भिरकावते :
"घे मेल्या."

खारं पाणी पितो. मीठ नाकावाटे परत करतो.
चोचीच्या टोकाशी एक थेंब थरथरतो,
डोकं झटकलं की गेला.
हे शालनला सांगितलं.
पदरानं कपाळ पुसत ती म्हणाली, आमचंही तेच.

मार्च सरताना तीट पसरू लागते.
कानामागून गालावर, गालावरून गळ्याखाली.
काहींचं अर्धंच डोकं रंगलेलं,
घाईत घातलेल्या माकडटोपीसारखं.
एका सकाळी फटूकाका दुर्बीण मागतात,
आधी उलटी धरतात, मग सरळ.
बराच वेळ काही बोलत नाहीत.
"कधी केलं रे यांनी हे?"

त्या आठवड्यात वाळू रिकामी झाली.
हिमालयापलीकडं कुठल्याशा तळ्याकाठी
आता त्यांना त्यांचं नाव लागू पडत असेल.

शालननं सवयीनं एक तारली भिरकावली.
ती पाण्यात पडली.
एवढा आवाज होतो,
हे आम्हांला माहीतच नव्हतं.