मोजदाद

जूनमध्ये, हंगाम आटोपल्यावर, गुल्वेनने पिंजरे ओढले
तेव्हा जाळीला घड लटकलेले होते:
काळे, रबरासारखे, टोकाशी चिमूट काढलेले.
एर्कीच्या धक्क्यावर यांना समुद्री द्राक्षं म्हणतात
आणि पाण्याच्या फवाऱ्याने उडवून लावतात.
या वेळी त्याने एक घड बादलीत घालून
माझ्या दारात ठेवला. बेल वाजवली नाही.
बापाची होडी विकल्यापासून आम्ही बोलत नव्हतो.
सात वर्षं. नोव्हेंबरात आठ.

मी औषधाच्या दुकानात असते, थेंब मोजायची सवय आहे.
त्रेचाळीस अंडी. स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी
साठ लिटरची टाकी.
पाण्याचं तापमान वहीत, रोज दोनदा,
खारटपणा शेजारच्या रकान्यात.

द्राक्षं फुगत गेली, काळा रंग विरत गेला
आणि एका सकाळी, कॉफीचा कप हातात असताना,
आतून कुणीतरी माझ्याकडे पाहिलं.
अजून जन्मायचं होतं त्याला.
मी कप खाली ठेवला
आणि उगाचच केस सारखे केले.

जुलैच्या बाराव्या रात्री पहिलं फुटलं.
करंगळीच्या नखावर मावेल एवढं माकूळ, पण सगळं जागच्या जागी:
काठाला झालर, तोंडाशी हातांची मूठ,
तीन हृदयं (असं पुस्तकात आहे, मी मोजली नाहीत).
आल्या आल्या वाळूचा रंग अंगावर ओढला
आणि दिसेनासं झालं.
दुसरं घाबरलं, त्याने शाई सोडली:
एका स्वल्पविरामाएवढी.

छत्तीस.

मेलेलं ते खात नाहीत.
गोठवलेला जवळा समोर तरंगत राहिला, कुणी ढुंकून पाहिलं नाही.
जिवंत हवा, हलता हवा, तोही त्यांच्या बेताचा.
म्हणून ओहोटी पहाटे चारला तर मीही पहाटे चारला
खडकांमधल्या डबक्यांत, गुडघाभर बुटांत,
कपाळावर दिवा बांधून.
उधाणाला जवळा मिळेल तेवढा.
भांगाच्या दिवसांत पाणी मागे सरायचं नावच घेत नाही,
त्या आठवड्यात सात गेली,
आणि दोघांना भावंडांनीच धरलं.
ते मी वहीत कारणाशिवाय लिहिलं.

त्याच रात्री फोन.
‘किती?’
‘सत्तावीस.’
त्याने ठेवला.
दुसऱ्या दिवशी पुन्हा, ‘किती?’
‘सव्वीस.’
ऑगस्टात उकाडा चढला, मी बर्फाच्या बाटल्या
टाकीत सोडत, काढत, सोडत बसले,
आणि तो रोज विचारी, एवढंच विचारी,
जसा कुणी दुसऱ्याच्या घरातल्या तापाचा आकडा विचारतो.

एकदा सांगायला माझ्याकडे आकडा नव्हता.
जवळा संपला होता. मी तेच म्हटलं.
अकराच्या सुमारास तो आला, बादलीभर जवळा घेऊन,
बूट दाराबाहेर काढून. आईच्या वेळची सवय.
आम्ही दिवा मंद केला.
पिल्लू वाळूवरून उठलं, नेम धरला,
अंगावरून काळी लाट सरकली
आणि दोन लांब हात गेले नि आले.
आम्हाला ते जाताना दिसलेच नाहीत.
गुल्वेनची नखं माकूळ सोलून तीस वर्षं काळी आहेत.
त्यातलं एक त्याने काचेवर टेकवलं.
पिल्लू काचेजवळ आलं, काळवंडलं.

‘ती होडी तशीही गळत होती,’ तो म्हणाला.

सप्टेंबरच्या शेवटी एकोणीस उरली, माझ्या अंगठ्याएवढी.
ती त्यानेच नेली, जिथे पिंजरे सोडतो तिथे.
मी धक्क्यावर थांबले. बोटीत मला गरगरतं.
टाकी धुतली. वही खणात.

वसंतात तो माकूळ घेऊन आला, साफ करून, कागदात गुंडाळून.
मला जरा वेळ लागला.
मग लसूण, टोमॅटो, अर्धा पेला वाइन.
चव तीच होती.
पाठीचं पांढरं हाड त्याने मुद्दाम ठेवलं होतं,
हलकं, जणू आत काही लिहिलेलंच नाही.
मी ते खिडकीत वाळत घातलं.
‘किती असतील आता?’ ताट पुसत त्याने विचारलं.
मी त्याला पाव दिला.