शुक्रवारपासून सर्वत्र

न्यूलिनच्या धक्क्यावर केरेन्झाचे ओठ हलतात,
गाणं जोरीच्या खिशातल्या फोनमध्ये.
वारा निम्मे शब्द पळवतो.
सतराव्यांदा तेच कडवं,
आणि मागे डेन्झिल, जाळं सांधायचं सोडून
थेट कॅमेऱ्यात.
"बघू नका हो!"
"बरं," म्हणतो. बघतो.

एडिटिंगला कळलं, ओठ अर्धा सेकंद मागे.
कव्हरला तिचा एकही फोटो धड नाही,
मग डेन्झिलचाच लावला, बोळकं पसरून हसणारा.
अल्बम नाहीच;
पण पोस्टरवर तारीख हवी, तिला दोन मार्क असतात.

बाईंनी पंचविसातले एकोणीस दिले.
पोस्टर मासळीच्या दुकानात तसंच राहिलं.

शुक्रवारी डेन्झिल दाढी करून,
बस धरून पेन्झन्सला :
"माझी सीडी आली का?"

दुकानदार बराच वेळ
खोकी उघडत राहिला.