जेर-जबर

वाशीला, सेक्टर नऊमधल्या डोळ्यांच्या दवाखान्यात,
खोली दोनशे चारमध्ये
मस्कतच्या रात्री नऊच्या बातम्या झोपल्यात.
एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात धुकं.
मी कौशाहून आलोय, शीळफाट्यावरून, दोन बस बदलून,
डब्यात तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी.
नर्स विचारते, पेशंटचे तुम्ही कोण?
काय सांगू.
एकवीस वर्षं तिचे शब्द मी वर सरकवले.

शरफुद्दीन तुंगेकर, टेलिप्रॉम्प्टर, स्टुडिओ दोन.
नोकरी लागली ती मदरशाच्या जोरावर:
छडीखाली शिकलेली अक्षरं
मला वाचता यायची, कळायची नाहीत.
मॅनेजर हसला. असाच माणूस हवा, म्हणाला,
बातमी आधी कळली की बाहेर फुटते.

काचेसाठी उलटवलेली अरबी
माझ्या पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालायची,
मराठीसारखी.
बोट नॉबवर, कान तिच्या आवाजावर.
कुठे बोट बुडाली, कुठे करार मोडला,
सगळं माझ्या बोटाखालून गेलं.
मला कळायचं दुसऱ्या दिवशी
मेसमध्ये, डाळ वाढून घेताना, केरळच्या पोरांकडून.

जुवैना सूर गावची. आजा खजूर घेऊन
गलबतातून मुंबई बंदरात यायचा.
लोणच्याला ती अजून 'अचार' म्हणते,
सरळ जा म्हणायचं तर 'सीदा'.
एकोणिसाव्या वर्षी टीव्हीवर आली
कोळ्यांना लाटांची उंची सांगायला.
बापाने वर्षभर घरी सेट लावला नाही,
पण होडी काढण्याआधी शेजारच्या दुकानात
चहाच्या निमित्ताने उभा राहायचा.
दीड मीटर, दोन मीटर.
पोरगी सांगेल तेवढीच लाट.

मग मुलांचा कार्यक्रम, त्यात एक कापडी उंट,
मग नऊच्या बातम्या.
लग्न झालं, मोडलं. मला श्वासावरून समजलं,
पूर्णविरामाच्या आधीच थांबायला लागली होती.
विचारलं नाही.
रोज माझ्या पडद्याशेजारी टिश्यूवर एक खजूर असायचा.
एकदाच नव्हता. त्या दिवशी तिची आई गेली होती,
आणि बातम्या तिने पूर्ण वाचल्या.

नावं तेवढी मला ओळखू यायची.
त्या रात्री, क्रीडाबातम्या संपल्यावर,
खालून वर येताना दिसलं तिचं नाव.
ते पहिल्या ओळीत असायचं रोज.
आज शेवटी, आणि पुढे 'शुक्रन'.
एवढा अर्थ मलाही लागला.
तिला कुणी सांगितलं नव्हतं.
मी नॉब सैल केला.
कानात डायरेक्टर ओरडतोय, यल्ला, यल्ला,
आणि ओळी माझ्या गोगलगायीसारख्या.
तिने काचेत पाहिलं, म्हणजे कॅमेऱ्यात,
स्कार्फ सारखा केला, घोटभर पाणी प्यायली
लाइव्ह,
आणि स्वतःचा निरोप न अडखळता वाचला.

आता म्हणे तिकडे चेहरा कुणी ओळखत नाही.
पण बाजारात 'कांदे कसे दिले' विचारलं
की दुकानदार मान वर करतो, नऊ वाजल्यासारखा.

'पेपर वाच,' ती म्हणते.
बाई, पेपराला जेर-जबर नसतात.
कुराणात सगळ्या खुणा असतात,
इथे नुसती हाडं.
'वाच. आज सरकवते मी.'

क, त, ब.
कतब? कुतिब?
'कुतुब,' पट्टीखालून उत्तर. 'पुस्तकं.'
अशी अर्धा तास एक बातमी.
व्यंजनं मी टाकतो, काना-मात्रा ती.
कुठली बातमी होती, मी विचारत नाही,
जुनी सवय.

मग तळाच्या कोपऱ्यात छोटा चौकोन.
म, व, ज.
'मौज,' ती म्हणते. 'लाटा.'
आमच्यात मौज वेगळी, मी सांगितलं,
तर हसली इतकी की पट्टी हलली
आणि नर्स रागावली.

आकडे मला येतात.
दीड मीटर, मी वाचतो. सूरला दोन.
'सावकाश,' जुवैना म्हणते,
'होड्या अजून किनाऱ्यावर आहेत.'