एकोणसाठ

परळच्या तळघरात, लिफ्टच्या मोटारीशेजारी
आमचा पट्टा चालतो. माणूस जागेवरच.
बगाडे मास्तरांना कमरेत, मांड्यांत आवळून
वरच्या दोरीनं वीस किलो उचलून घेतले.
"उरलो किती?"
"एक्केचाळीस."
"आणि ते वीस कुठं ठेवलेत?"

हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
शिकवलं होतं की टाच टेकताना पट्टा किंचित अडखळतो,
तेवढं वजा करायचं.
दोरी वर ओढते, पाऊल हलकं पडतं,
म्हणून सेन्सरची पातळी खाली आणायची.
आणली.
यंत्र तरी म्हणतच राहिलं:
उजवी पावलं एकशेबारा, डावी एकोणसाठ.

एकोणसाठ कशी?
लंगडी घालत आला होता का हा माणूस?

गुडघे टेकून पट्ट्याच्या पातळीला डोळा लावला
तेव्हा दिसलं.
डावा चवडा दर दुसऱ्या खेपेला उचलतच नाही,
घासत पुढे येतो,
आणि जे जमीन सोडत नाही
त्याला यंत्र पाऊल म्हणत नाही.

मास्तरांनी हिंदमाताजवळ चाळीस वर्षं पँटी शिवल्या.
म्हणाले, "हेमांगी, खडू दे गं."
मुलीनं चष्म्याच्या डबीतून काढला,
चपटा, निळा, कडेला झिजलेला.
दोन्ही तळव्यांना फासला.
ठशावर ठसा पडायच्या आत मी पट्टा थांबवला.
काळ्या रबरावर टाचा उमटलेल्या,
डावीकडे दोन टाचांमध्ये
कच्च्या शिलाईसारखी लांब निळी रेघ.

"टेप लाव. सेंटीमीटर नको, इंच सांग."
"डावं बारा."
"उजवं?"
"साडेसतरा."
त्यांनी डोळे मिटले. "साडेपाचाचा फरक!
गिऱ्हाईक पँट तोंडावर फेकेल."
आणि हसले, अर्ध्या ओठानं,
दुसरा अर्धा अजून आलेला नाही.

मी वहीत एकोणसाठवर काट मारली.
एकशेबारा लिहिलं. शेऱ्यात: निम्मी घासत.

दोरी सैल केली तसे वीस किलो परत आले,
काही त्यांच्या गुडघ्यांत,
काही माझ्या डाव्या खांद्यावर.
किती, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

पट्टा पुसायचा राहून गेला.
दुपारच्या पेशंटचे पांढरे मोजे
निळे होऊन घरी गेले.